दोघांत एक रनिंग व्हेस्ट? नकोच

सालोमनची एडीव्ही स्किन १२ ही पळताना पाणी-सामान नेण्याची व्हेस्ट बनियनसारखी अंगाला बसते. पण नवरा-बायकोत एकच घेऊन पैसे वाचवू नका. माप छातीच्या घेरावर ठरतं. सैल झाली की उड्या मारते, काखेत आणि मानेशी सालटं निघतात. पुढच्या दोन ५०० मिलीच्या मऊ बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत इलेक्ट्रोलाइट (क्षार मिसळलेलं पाणी) ठेवा. भरल्यावर तोंड वर करून सरळ धरा आणि आतली हवा ओढून घ्या, डचमळणं थांबतं. अर्धवट भरलेली बाटली लुळी पडते, खिशात उतरत नाही. घाईत झाकणाचे आटे तिरके बसले तर गळती ठरलेलीच. धुऊन फ्रीझरमध्ये ठेवल्या तर बुरशी धरत नाही. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटेवर मात्र करवंदीच्या काट्यांपासून जाळीचं कापड जपा.