फोटो ढापला, वकिलांकडं गेलो: ५ पैकी ४ स्टार

बेळगावात कोर्टाजवळच्या एका वकिलांकडं सल्ल्याला गेलतो त्याचा रिव्ह्यू. झालं काय की मार्कंडेयच्या पुरात भिजत काढलेला माझा फोटो पेपरात आला, आणि दोन दिवसांनी एका सरकारी ऑफिसनं तोच नाव कापून आपल्या पेजवर "आमचं मदतकार्य" म्हणून टाकला की ओ!

वकील म्हणाले आपल्याकडं अमेरिकेसारखा फेअर यूज, म्हणजे न विचारता दुसऱ्याचं काम वापरायची मोकळी सूट, नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ आहे, त्यात फेअर डीलिंग म्हणजे टीका, परीक्षण, चालू घडामोडींची बातमी असली ठरावीक कामं, आणि कोर्टाच्या कामाला फोटो लागला तर तीही वेगळी सूट. स्वतःची जाहिरात त्यात बसवणं अवघड, सरकारी असलं म्हणून काय झालं. मग उलट मलाच विचारलं, तू पेपरात पगारी आहेस की फ्रीलान्स? पगारी असतो तर पेपरात छापायचा हक्क मालकाचा असता. हे मला दहा वर्षं कॅमेरा धरून माहीत नव्हतं, घ्या.

नोटीस मराठीत समजावून इंग्रजीत करून दिली. एक स्टार कापला कारण दीड तास बाकड्यावर बसवलं, चहासुद्धा विचारला नाही.