नागपूरच्या गच्चीवरून शनी: १३० मिमी दुर्बिणीचा हिवाळाभराचा अनुभव

दसऱ्याला घेतली, होळीपर्यंत वापरली. १३० मिमी आरसा, ६५० मिमी फोकल लेंथ (आरशापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर), सोबत इक्वेटोरियल माउंट, म्हणजे आकाश फिरतं त्या दिशेने दुर्बीण फिरवता येणारा स्टँड. शनीसाठी घेत असाल तर आधी खोक्यावरचं चित्र विसरा. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेने दिसत होती आणि नोव्हेंबरात ती पुन्हा जवळजवळ मिटली. त्यामुळे मला दिसली ती पिवळट गोटीतून आरपार गेलेली सुई. कॅसिनीची फट, म्हणजे कड्यांमधली काळी रेघ, शोधण्यात अर्थच नव्हता. शेजारची पोट्टी डोळा लावून "काका, कडं कुठाय?" विचारून गेली. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन मात्र १० मिमी आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून), म्हणजे ६५ पटीला, आरामात दिसतो. सोळा दिवसांत त्याची फेरी होते, म्हणून दोन-तीन रात्रींनी पाहिलं की तो ठिपका सरकलेला लगेच कळतो. मला तर कड्यांपेक्षा याचंच वेड लागलं.

जाहिरातीत ६५० पट लिहिलं होतं. या आरशाला २६० च्या वर काही झेपत नाही आणि नागपूरच्या हवेत १३० पट मिळाले तरी खूप. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, मग ग्रह उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा हलतो. अंगण असेल तर तिथेच लावा. दुर्बीणही अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायची. शहरातल्या दिव्यांची काळजी करू नका, शनी त्यांना पुरून उरतो. मृगातला तेजोमेघ नीट पाहायचा असेल तर मात्र रामटेककडे जा.

खरी रड स्टँडची आहे, राजेहो. १३० पटीला शनी दीडेक मिनिटात नजरेबाहेर जातो, नॉब फिरवावाच लागतो, आणि फिरवला की चित्र थरथरतं. मी पाय अर्धेच उघडतो, मधल्या ट्रेला पाच किलो गव्हाची पिशवी अडकवतो आणि स्टुलावर बसून बघतो. तेव्हा कुठे थरथर दोन सेकंदांत थांबते. विक्रेत्याला विचारलं तर "सगळ्याच अशा असतात" म्हणून मोकळा.

पैसे वाया गेले असं वाटत नाही. ४ ऑक्टोबर २०२६ ला शनी आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येईल, तोवर कडी बऱ्यापैकी उघडलेली असतील आणि २०३२ पर्यंत उघडतच जातील. घाई नसेल तर यंदाचा पावसाळा जाऊ द्या, मगच घ्या. आधीच घेतली असेल तर आरशाला बुरशी लागू नये म्हणून झाकणाच्या आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.