“बघा, करंटच नाही”: पावसात बंद पडलेली गाडी आणि माझे गेलेले २,८५० रुपये

जुलैचा दुसरा आठवडा होता. आईच्या गोळ्या संपल्या म्हणून मालगुंडहून रत्नागिरीला निघालो. नेवऱ्यापर्यंत नुसती रिपरिप होती. आरे-वारेला पोचलो आणि समुद्राकडून पाऊस आडवा झोडपायला लागला. एका सखल जागी पोटरीभर पाणी साचलं होतं. त्यातून बाहेर पडताना गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. किक मारून पाय दुखायला लागले. शेवटी एका टेम्पोवाल्याने गाडी वर घेतली आणि शहराच्या तोंडाशी असलेल्या एका गॅरेजपाशी उतरवून दिली.

माझी गाडी सव्वाशे सीसीची, जुनी, कार्बुरेटरवाली. मेकॅनिकने प्लग काढला, कॅपमध्ये बसवला, फूटरेस्टच्या बाजूला वायरवर लोंबता ठेवला आणि पोराला किक मारायला सांगितली. “बघा मास्तर, करंटच नाही. सीडीआय उडाला.” सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट सोडणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा. मी वाकून नीट पाहिलं. खरोखरच ठिणगी नव्हती. डोळ्यांनी पाहिलं म्हणूनच माझा विश्वास बसला.

पोरगा “नवा आणतो” म्हणून गेला आणि दहा मिनिटांत परत आला. मधल्या वेळात मेकॅनिकने प्लगच्या खळग्यात आणि कॅपमध्ये हवेचा पाइप मारला होता. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. सीडीआय बसवल्यावर दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. पार्टचे २,४०० आणि मजुरी ४५०. जुना सीडीआय मागितला तर म्हणाला, “भंगारात टाकला, तुम्हाला काय करायचाय त्याचं?” बिल मागितलं तर बिलबुक संपलेलं. अंधारून आलं होतं, औषधाचं दुकान गाठायचं होतं. पैसे दिले.

नऊ दिवसांनी गाडी रात्रभर पागोळ्यांखाली राहिली आणि सकाळी पुन्हा तेच. आमच्या वाडीत आयटीआय झालेला एक मुलगा गाड्या बघतो, त्याला बोलावलं. त्याने सीडीआयकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी प्लगची कॅप ओढली. आतून पाण्याचे थेंब पडले. प्लगच्या भोवतालच्या खळग्यात पाणी साचलेलं होतं. ते निघून जायला तिथे एक बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं होतं. त्याने तारेने भोक मोकळं केलं, फडक्याने सगळं कोरडं केलं. कॅप वायरवरून फिरवून काढली तर तांब्याचं टोक हिरवं पडलेलं. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे होतंच. अर्धा सेंटिमीटर वायर कापून कॅप पुन्हा फिरवून बसवली. मग प्लगचं अंग सिलिंडरच्या पात्यांना टेकवून किक मारली. टक् टक् निळी ठिणगी! प्लग जागेवर बसवला आणि गाडी चालू झाली. खर्च शून्य, चहा मात्र त्याने घेतला.

मग मी त्याला सीडीआयची गोष्ट सांगितली. “सर, बघू या तरी,” म्हणून त्याने साइड पॅनेल उघडलं. चार वर्षांपूर्वी वायरिंग करताना त्याने सीडीआयच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे लिहिले होते. ते तसेच होते. गॅरेजवाल्याने माझाच सीडीआय काढून, पुसून मला परत विकला होता. गाडी चालू झाली होती ती हवेच्या पाइपाने कॅप आणि खळगा कोरडा झाला म्हणून.

“पण ठिणगी नव्हती, मी स्वतः पाहिलं,” मी म्हणालो. त्याने प्लग पुन्हा काढला आणि हवेत लोंबता ठेवून किक मारली. काही नाही. तोच प्लग इंजिनाच्या धातूला टेकवला, लगेच ठिणगी. प्लगच्या आट्यांच्या अंगातून करंटला इंजिनात परत जायची वाट लागते, म्हणजे आपण ज्याला अर्थिंग म्हणतो ती. ती वाट नसेल तर शोरूममधून आणलेल्या गाडीचीही ठिणगी दिसणार नाही. शिवाय असं हवेत ठेवून वारंवार किक मारली तर धडधाकट कॉइल किंवा सीडीआय खरोखर जाऊ शकतो.

म्हणून हात जोडून सांगतो, ठिणगी बघताना प्लग कुठे टेकवलाय ते बघा. रंग किंवा गंज नसलेल्या धातूला टेकलेला हवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. हात फक्त कॅपच्या रबराला. हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच ‘बंद’वर राहिलेला नाही ना तेही स्वतः बघा. पार्ट बदलायचाच झाला तर जुना तुमच्या हातात आल्याशिवाय नवा बसवू देऊ नका.

२०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत चावी फिरवल्यावर पेट्रोलपंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येते. ती येत नसेल तर आधी फ्यूज बघा. घरघर येतेय तरी गाडी चालू होत नसेल, तर साइड स्टँडच्या स्विचवर चिखल बसलाय का ते पाहा. मात्र २२ जुलै २०२१ ला चिपळुणात झालं तशी गाडी पुराच्या पाण्याखाली गेली असेल तर किक किंवा स्टार्टर मारूच नका. इंजिनात पाणी असताना किक किंवा स्टार्टर मारला तर आतलं मोडू शकतं. ऑइल बघा. ते दुधाळ झालं असेल तर आधी ते काढायला लागतं.

मी त्या गॅरेजमध्ये परत गेलो. आकडे दाखवले. तो म्हणाला, “तुमच्या डोळ्यांदेखत तपासलं होतं ना?” बिल नाही, जुना पार्ट नाही. १९१५ ही ग्राहकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मला माहीत होती, पण पैसे दिल्याचा कागदच हातात नव्हता. २,८५० रुपये म्हणजे आईच्या दीड महिन्याच्या गोळ्या होत्या.

गणपतीला मुंबई-पुण्याहून बाइकवर गावी येणाऱ्यांनी निघण्याआधी एवढं कराच: प्लगपाना आणि कोरडं फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सीटखाली ठेवा आणि सीडीआयवर रंगाने खूण करून तिचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.