जपान: शहरं आपली आपण, पण गावांकडे कोणाबरोबर?

जपानला दोनदा जाणं झालं. पहिल्या वेळी आम्ही दोघंच होतो, सगळी आखणी घरी बसून केलेली. दुसऱ्या वेळी आई-बाबा बरोबर होते, म्हणून बारा जणांच्या एका छोट्या ग्रुपमधून गेलो. त्यामुळे 'ग्रुपबरोबर जावं की स्वतः?' असं कोणी विचारलं की माझ्याकडे दोन उत्तरं असतात. टोकियो-क्योतोसाठी एक आणि डोंगरातल्या गावांसाठी दुसरं.

शहरांसाठी ग्रुपची गरज नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते. टोकियोतल्या मेट्रोचं जाळं नकाशावर बघून पोटात गोळा येतो, पण प्रत्येक मार्गाला रंग आणि अक्षर आहे, प्रत्येक स्टेशनला नंबर आहे आणि पाट्या इंग्रजीतही आहेत. आधी पैसे भरून ठेवलेलं सुईका कार्ड टेकवलं की दार उघडतं. टोकियोहून क्योतोला नोझोमी ही शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सव्वादोन तासांत पोचवते आणि एक चुकली तर दुसरी थोड्याच मिनिटांत येते. सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, 2023 च्या ऑक्टोबरात 29,650 वरून थेट 50,000 येन झाला. टोकियो-क्योतो एका वेळचं तिकीट साधारण 14,000 येनच्या आसपास पडतं, म्हणजे एवढा एकच प्रवास असेल तर पास घेण्यात अर्थ नाही.

शहरात ग्रुपचा एक तोटाही होतो, तो वेळेचा. क्योतोचं फुशिमी इनारी देऊळ चोवीस तास उघडं असतं, तिकीटही नाही. आम्ही दोघं सकाळी सहाला पोचलो तेव्हा शेंदरी तोरणांच्या, म्हणजे कमानींच्या, त्या रांगेत पक्ष्यांशिवाय कोणी नव्हतं. ग्रुपबरोबर मात्र आधी नाश्ता, मग सगळे जमेपर्यंत थांबणं, आणि पोचेपर्यंत नऊ वाजलेले. आईला तोरणांपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसल्या.

आता मोठ्या ग्रुपबद्दल. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या पस्तीस-चाळीस जणांच्या सहली, स्वतःचा कोच, मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रात्री गरम भारतीय जेवण. ज्यांना जेवणाची खरोखर काळजी आहे, पहिल्यांदाच देशाबाहेर पडायचं आहे, त्यांनी यात कमीपणा मानू नये. पण एक गोष्ट समजून घ्यावी. गावातल्या मिन्शुकूत, म्हणजे कोकणात असते तशा घरगुती राहण्या-जेवण्याच्या सोयीत, मोजक्याच खोल्या असतात. चाळीस माणसं तिथे मावणारच नाहीत. म्हणून असा कोच शिराकावा-गो या डोंगरातल्या गावाला येतो, दीड-दोन तास थांबतो आणि पुढे जातो. वाळलेल्या गवताची उतरती छपरं, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी, फोटोत येतात. पण तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलायची वेळ आली की गावकरी 'युई' पद्धतीने एकमेकांच्या मदतीला येतात आणि माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत, हे सगळं घरात बसून ऐकण्यासारखं आहे. त्याला एक रात्र तरी हवी.

खरी निवड आहे ती छोटा ग्रुप आणि स्वतः यांत, आणि तीही गावांपुरतीच.

किसो खोऱ्याचं उदाहरण घेऊ. एदो, म्हणजे जुनं टोकियो, आणि क्योतोला जोडणारा जुना डोंगरी मार्ग म्हणजे नाकासेन्दो. त्यावर 69 मुक्कामाची गावं होती. मागोमे ते त्सुमागो या दोन गावांमधला सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा आजही चालता येतो, अडीच-तीन तास लागतात. नागोयाहून रेल्वेने नाकात्सुगावा, तिथून बसने मागोमे. याच बाजूने सुरुवात करावी, कारण खिंडीपर्यंतची चढण त्यामानाने कमी आणि पुढे उतारच उतार. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत, येणारा-जाणारा त्या वाजवत जातो. बाबांनी एकही सोडली नाही. मध्येच एक जुनं चहाघर लागतं, तिथे चुलीजवळ बसवून चहा देतात.

त्सुमागोच्या लोकांनी 1971 मध्ये ठरवलं की जुनी घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. मुख्य रस्त्यावर विजेच्या ताराही दिसत नाहीत. दुपारी तिथे गर्दी असते, पण संध्याकाळी पाचनंतर दिवसापुरते आलेले लोक निघून जातात, दुकानांच्या फळ्या लागतात आणि उरते ती लाकडी घरांची गल्ली. हे पाहायला मुक्कामच हवा.

पहिल्या वेळी आम्ही मुक्काम केला नव्हता. दिवसातल्या बसेस मोजक्या, आणि आमचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं. नागिसो स्टेशनकडे जाणारी शेवटची बस गेली आणि अंधार पडत असताना आम्ही जवळपास चार किलोमीटर चालत गेलो. आमच्या वयाला ती आठवण झाली. आई-बाबांबरोबर तसं झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. शहरात चूक झाली तर पाच मिनिटं जातात, गावात अख्खी संध्याकाळ जाते. छोट्या ग्रुपला आपण जे पैसे मोजतो ते मुख्यतः याचे असतात.

दुसरी गोष्ट जेवणाची. शाकाहारी माणसाचा जपानमधला अडसर मांस नाही, तो आहे 'दाशी'. सुक्या माशाच्या कातरणांचं हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, नूडल्सच्या रश्श्यात असतं, उकडलेल्या भाजीतसुद्धा असतं. टोकियोत निशी-कासाईसारख्या भागात भारतीय दुकानं आणि हॉटेलं आहेत, तिथे निभावतं. डोंगरात निभावत नाही. पहिल्या प्रवासात एका घरी आम्ही जपानीत लिहिलेली चिठ्ठी दाखवली. त्या बाई इतक्या खजील झाल्या की आम्हालाच वाईट वाटलं. भात, लोणचं आणि आमची शेंगदाण्याची चटणी, असं जेवलो. दुसऱ्या वेळी ग्रुपच्या गाइडने तीन दिवस आधी फोन करून सगळं समजावलं होतं. ताटात रानभाज्यांचे तेंपुरा, म्हणजे भज्यांसारखे तळलेले तुकडे, आले, समुद्री शेवाळाच्या पाण्यातला रस्सा आला, आणि भाताच्या गोळ्यावर अक्रोडाची चटणी लावून भाजलेलं गोहेई-मोची. आईने ते दोनदा मागून घेतलं.

कोयासान मात्र याला अपवाद. कुकाई या बौद्ध भिक्षूंनी 816 मध्ये वसवलेलं हे मठांचं गाव ओसाकाच्या नाम्बाहून रेल्वे आणि केबल कारने सहज गाठता येतं. सुमारे पन्नास मठांत राहता येतं आणि जेवण मुळातच कांदा-लसूणविरहित, शाकाहारी. पहाटेच्या 'गोमा' विधीत अग्नी पेटला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "अगं, हा तर होम!" शब्दही तोच आहे. इथल्याच कोयासान विद्यापीठात 2015 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. आपल्यापैकी कोणीही इथे यावं आणि ग्रुपशिवाय यावं.

छोट्या ग्रुपबद्दल एक गैरसमज पुष्कळांचा असतो. बारा माणसांना स्वतःचा कोच मिळेलच असं नाही, बहुतेक प्रवास साध्या रेल्वेने आणि बसने होतो. स्टेशनांतून बॅग आपली आपणच ओढायची. मोठ्या बॅगा कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवायची सोय जपानभर आहे, ती सहलीत धरली आहे का ते विचारून घ्यावं. गुडघे दुखत असतील तर जमिनीवरची गादी आणि बैठं जेवण यांचा आधी विचार करावा. बाबांसाठी गाइडने खुर्ची मागवली, पण ती सगळीकडे मिळाली नाही. सगळ्यांच्या सामायिक स्नानगृहात कपडे उतरवूनच जायचं असतं म्हणून आई धास्तावली होती. छोट्या मिन्शुकूत आळीपाळीने, दार लावून जाता येतं हे कळल्यावर मग तीच रोज आधी नंबर लावू लागली.

हंगाम थोडक्यात: एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे गोल्डन वीकची सुट्टी असते, तेव्हा जाऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत डोंगरात पानं लाल झालेली असतात, क्योतोत ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगतात.

माझा कौल असा: शहरं आपली आपण करावीत, आणि मधले चार-पाच दिवस गावांसाठी छोट्या ग्रुपला जोडून घ्यावं. अशा तुटक सहली मिळतात. ज्येष्ठ बरोबर असतील आणि सलग पूर्ण सहलच घ्यायची असेल, तर कार्यक्रमपत्रिकेत देवळांची संख्या मोजू नका, रात्री मोजा. बारापैकी दहा रात्री टोकियो, क्योतो आणि ओसाकात असतील तर ती शहरांचीच सहल आहे, नावात गाव असलं तरी. आणि टूरवाल्यांना फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: त्सुमागोत मुक्काम आहे, की नुसती भेट?