रेससाठी कोणती जुनी गाडी घ्यावी: आरएक्स १००, येझदी की बुलेट?

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडे घरच्या शेडमध्ये जुनी मोटरसायकल रेससाठी तयार करायचे ज्याने ठरवले आहे, त्याच्यापुढे व्यवहारात तीन पर्याय असतात: यामाहा आरएक्स १००, येझदी आणि बुलेट ३५०. चौथे नाव हटकून निघते ते राजदूत ३५० चे. दोन सिलिंडर, ३४७ सीसी आणि सहा गिअर असलेल्या या गाडीची ताकद बाकीच्या तिघींच्या आवाक्यातली नाही, हे खरे. पण १९८३ नंतर थोडीच वर्षे निघालेली ही गाडी मूळ स्थितीत जितकी मोलाची आहे तितकी ती कापून-छाटून राहणार नाही, आणि तिच्या सुट्या भागांची किंमत ऐकून उत्साह मावळतो. पहिल्यांदाच इंजिनाला हात घालणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

उरलेल्या तिघींची तुलना करताना कागदावरचे आकडे फसवतात. आरएक्स १०० चे इंजिन ९८ सीसीचे, ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन १०० किलोच्या आसपास. बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे, ताकद १८ अश्वशक्ती आणि वजन सुमारे १६५ किलो. किलोमागे ताकदीचा हिशेब केला तर दोघी जवळजवळ बरोबरीत येतात, आणि चालवणाऱ्याचे वजन धरले तर बुलेटच पुढे जाते. परंतु रेसचे गट इंजिनाच्या आकारावर आणि ते टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक यावर ठरत असल्याने या दोघींची गाठ सहसा पडत नाही. खरा प्रश्न असा आहे की, प्रत्येकीत अजून वाढायला जागा किती आहे.

ते पाहायचे असेल तर स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरात पिस्टन एका बाजूला जितका सरकतो ते अंतर, पाहावा. स्ट्रोक जितका लांब तितक्या कमी आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) पिस्टनचा वेग झेपण्याच्या मर्यादेकडे जातो. आरएक्सचा स्ट्रोक ५० मिलिमीटर, येझदी २५० चा ७५ आणि बुलेटचा ९०. आरएक्सचे इंजिन १०,००० आरपीएमवर फिरते तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १६.७ मीटर होतो. येझदी तोच वेग सुमारे ६,७०० आरपीएमवर गाठते आणि बुलेट अवघ्या ५,५५० वर. आरएक्सची मूळ ताकद ७,५०० आरपीएमवर मिळते, म्हणजे वर बरीच जागा शिल्लक आहे. बुलेटची मूळ ताकदच ५,६०० च्या आसपास मिळते, म्हणजे ती कारखान्यातून निघाली तेव्हाच त्या पातळीला पोहोचलेली होती.

म्हणूनच माझा कौल आरएक्सकडे झुकतो. तिच्या इनटेकला रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी पातळ पट्ट्यांची झडप) असल्याने मिश्रण उलटे कार्ब्युरेटरकडे येत नाही आणि पोर्टवर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांवर, काम करताना थोडी चूक खपून जाते. एक्झॉस्ट पोर्ट वर किती उचलायचा हे डिग्री व्हील (क्रँकला लावायची अंशांची तबकडी) लावून मोजावे, आधी थोडे घासून गाडी चालवून पाहावी आणि मगच पुढे जावे, कारण घासलेले लोखंड परत भरून येत नाही. हेड छाटून कॉम्प्रेशन वाढवले की पिस्टन आणि हेड यांच्या कडेचे अंतर तपासणे अनिवार्य ठरते. त्यासाठी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत आत सरकवावी, पिस्टन पिनच्या रेषेत धरावी, किकने इंजिन एकदा फिरवावे आणि चेपलेले टोक व्हर्निअरने मोजावे. ते एक मिलिमीटरच्या आसपास असले की ठीक. फारच कमी भरले तर हेडला पिस्टन लागण्याचा धोका असतो.

क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा, मात्र घरी हाताळू नये. प्रेसने जोडलेला हा क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावून सरळ करावा लागतो, आणि येथे बेळगावकरांची बाजू भक्कम आहे. उद्यमबागेत अचूक मशिनिंग करणारे छोटे कारखाने आहेत, निपाणीकडच्यांना कोल्हापूरचे उद्यमनगर जवळ पडते. दुकानदाराच्या गोड बोलण्यापेक्षा त्या कारागिराच्या गेजवर विश्वास ठेवावा.

जेटिंगबाबत, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल किती यावे हे ठरवणारी भोकाची जेटे निवडण्याबाबत, आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि येथली हवा चेन्नईपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते. येथे अगदी नेमके बसवलेले मेन जेट चेन्नईजवळच्या मद्रास मोटर रेस ट्रॅकवर (आताचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट) कमी पडते, मिश्रणात पेट्रोल अपुरे राहते, आणि टू-स्ट्रोक इंजिन तशा अवस्थेत लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलने पळवले की पिस्टन जाम होतो. कोइंबतूरच्या करी स्पीडवेची उंची या दोहोंच्या मधली आहे. म्हणून मोठ्या जेटांचा संच सोबत न्यावा आणि प्रत्येक फेरीनंतर प्लग काढून त्याचा रंग पाहावा.

येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची, त्यामुळे तिच्याबद्दल कर्नाटकात जिव्हाळा आहे आणि भागही अजून मिळतात. तिच्यात इनटेक पिस्टनच्या कडेनेच उघडतो आणि मिटतो; तो जास्त वेळ उघडा ठेवला तर वरच्या आरपीएमला फायदा होतो, पण खाली गाडी थुंकू लागते. एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट असल्याने एक्स्पान्शन चेंबरही (टू-स्ट्रोकची ताकद वाढवणारे मध्ये फुगीर सायलेन्सर) दोन बनवावे लागतात, म्हणजे पत्रा, वेल्डिंग आणि वजन सगळेच दुप्पट. मातीच्या ट्रॅकवर मात्र तिचा खालचा जोर उपयोगी पडतो, आणि ज्याला डांबरी ट्रॅकपेक्षा मातीचीच ओढ आहे त्याने तिचाच विचार करावा.

बुलेट ज्याला फोर-स्ट्रोकच हवी त्याच्यासाठी. जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश (रोलर नसलेली, सैल फिरणारी धातूची नळी) असते. ते काढून रोलर बेअरिंग बसवल्याशिवाय जास्त आरपीएमचे नावही काढू नये. ड्रम ब्रेक तिघींनाही आहेत, पण १६५ किलो थोपवणे आणि १०० किलो थोपवणे यांत मोठा फरक आहे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, त्यामुळे तयार गाडी टेम्पोतूनच ट्रॅकवर न्यावी, चोर्ल्याच्या घाटात ‘ट्रायल’ घेऊ नये. कोल्हापूरची एमएच ०९ पासिंगची गाडी घेणार असाल तर ती पुढे रेससाठीच ठेवायची असली तरी मूळ आरसी बुक आणि विक्रीचा कागद हातात असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. केए २२ वर रस्त्यासाठी नोंदवायची झाली तर एनओसी आणि कर्नाटकचा रोड टॅक्स वेगळा. स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा परवाना लागतो, आणि गटाचे नियम इंजिन उघडण्याआधी वाचावेत, नंतर नव्हे.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि फारसा फेरफार न झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. आरएक्स १०० १९८५ नंतरची असल्याने तिला हा प्रश्न लागू होत नाही, पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या जावांना, म्हणजे येझदीच्या आधी त्याच कारखान्यात बनणाऱ्या गाड्यांना, तो लागू होतो. आजोबांची अशी जावा शेडमध्ये मूळ रूपात उभी असेल तर तिला करवत लावू नये. त्याऐवजी कुठेतरी गंजत पडलेल्या येझदीची फ्रेम आणि वेगळे इंजिन, अर्थात कागदांसह, शोधावे.