फुफ्फुसातली लहान गाठ: शस्त्रक्रिया की नेमका किरणोपचार?

फुफ्फुसाच्या कर्करोगाची गाठ चार सेंटिमीटरपर्यंतची असून रोग लसिकाग्रंथींत (कर्करोग बहुधा आधी जिथे पसरतो त्या लहान ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड) पोचलेला नसेल, तर निवड मुख्यतः शस्त्रक्रिया आणि एसबीआरटी हा नेमका किरणोपचार यांत करायची असते. ही तुलना स्मॉल सेल नसलेल्या, म्हणजे बहुसंख्य रुग्णांत आढळणाऱ्या प्रकारापुरती आहे. सावंतवाडी-कणकवलीकडच्या घरांत पहिला प्रश्न बहुधा 'मुंबईला फेऱ्या किती?' असा निघतो. तो रास्त असला तरी माझ्या मते त्याचा क्रमांक तिसरा आहे; आधी दम किती आहे ते पाहावे आणि मग गाठ कुठे आहे ते.

जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी न थांबता चढणाऱ्या आणि फुफ्फुसक्षमतेच्या चाचणीतही ठीक ठरलेल्या रुग्णासाठी शस्त्रक्रियेलाच पहिली पसंती असते. याचे कारण केवळ गाठ निघते एवढेच नाही. सोबत लसिकाग्रंथीही काढून तपासल्या जातात, आणि पेट-स्कॅनमध्ये (रोग अंगात कुठे पसरला आहे ते दाखवणाऱ्या तपासणीत) न दिसलेला रोग तिथे सापडला तर पुढे केमोथेरपी किंवा अन्य औषधे लागतील की नाही, हे कळते. पूर्वी फुफ्फुसाचा अख्खा खंड काढणे हाच दंडक होता, कारण 1995 च्या अमेरिकी चाचणीत कमी भाग काढलेल्यांत रोग जागीच उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले होते. परंतु दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फुफ्फुसाच्या कडेकडील गाठींबाबत 2022 च्या जपानी चाचणीत खंडाचा केवळ एक भाग काढलेल्यांपैकी 94.3 टक्के, तर पूर्ण खंड काढलेल्यांपैकी 91.1 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. जागीच उलटण्याचे प्रमाण मात्र पहिल्या गटात 10.5 आणि दुसऱ्यात 5.4 टक्के होते, हेही विसरता कामा नये.

शस्त्रक्रियेची खरी किंमत नंतरच्या दिवसांत कळते. छातीतून निघालेली नळी पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते. खोकताना त्या पाण्यात बुडबुडे येत राहिले, तर फुफ्फुसातून हवा गळते आहे असे समजून नळी काढणे लांबते आणि मुक्कामही वाढतो.

वर्षानुवर्षांच्या विडीने किंवा चुलीच्या धुराने दम आधीच गेला असेल, अथवा हृदय भूल सोसणारे नसेल, तर एसबीआरटी हा दुय्यम नव्हे, तर योग्य उपचार होय. यात बहुधा तीन ते पाच वेळा मोठ्या मात्रेचे किरण देतात. भूल नसते, चिरा नसतो. अंगाच्या मापाच्या साच्यात हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावे लागते, तेव्हा खांदा धरलेल्या माणसाने हे आधीच सांगावे. गाठ मुख्य श्वासनलिकांना लागून असेल तर धोका वाढतो, म्हणून मात्रा अधिक वेळांत विभागतात किंवा बेत बदलतात. लसिकाग्रंथी तपासायला मिळत नाहीत आणि किरणांचा व्रण पुढच्या सीटीत गाठीसारखा दिसू शकतो, या दोन उणिवांमुळे धडधाकट माणसाने केवळ फेऱ्या वाचतात म्हणून हा मार्ग घेऊ नये, असे मला वाटते.

शिवाय फेऱ्या तितक्याशा वाचतही नाहीत, कारण दोन्ही मार्गांनंतर पहिली दोन-तीन वर्षे साधारण दर सहा महिन्यांनी, एसबीआरटीनंतर कधी त्याहूनही लवकर, सीटी करावा लागतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर तो रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात करून घेता येतो. मात्र दादरची गाडी धरताना पिशवीत नुसता अहवाल नव्हे, तर नव्या-जुन्या दोन्ही सीटींची सीडी हवी.