‘हॅकर शिरलाय’ सांगून मामांकडून साडेसहा हजार उकळले

मामा सदाशिव पेठेत एकटेच राहतात. लॅपटॉप हळू चालतोय म्हणून त्यांनी जवळच्या दुकानातल्या मुलाला घरी बोलावलं. त्याने आठशे रुपये घेतले, पावती दिली नाही. तो गेल्यावर कंट्रोल पॅनल उघडेना. चालू प्रोग्रॅम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडायला जावं, तर ‘डिसेबल्ड बाय युअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असा मेसेज.

मामांनी त्यालाच फोन लावला. "काका, कुणीतरी हॅकर तुमच्या मशीनचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन बसलाय. तुमचं विंडोज होम आहे, त्यात ग्रुप पॉलिसी नसते. प्रो टाकल्याशिवाय हे निघणार नाही." मामांचे बँकेचे सगळे व्यवहार त्याच लॅपटॉपवर. घाबरून त्यांनी यूपीआयने साडेसहा हजार पाठवले.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. होम ही विंडोजची साधी आवृत्ती, प्रो ही वरची. होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे विंडोजमधल्या सोयी सक्तीने चालू-बंद करायचं साधन, खरंच नसतो. पण त्यातून केलेले असले बदल शेवटी रजिस्ट्रीतच, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीतच लिहिले जातात आणि रजिस्ट्री एडिटर होममध्येही असतो. बंद करायला प्रो लागलं नाही, मग उघडायला कशाला हवं?

डाउनलोड्समध्ये मला ‘डॉट रेग’ची, म्हणजे रजिस्ट्रीत बदल करणारी एक फाइल सापडली. अशा फाइलवर डबल क्लिक करू नका, नोटपॅडमध्ये उघडा. पहिली ओळ ‘विंडोज रजिस्ट्री एडिटर व्हर्जन ५.००’. खाली टास्क मॅनेजर बंद, कंट्रोल पॅनल बंद, ऑटो अपडेट बंद. प्रत्येकापुढे ‘डीवर्ड’ (म्हणजे आकड्यातली नोंद) आणि शेवटी १, म्हणजे बंदी चालू. तारीख तो मुलगा येऊन गेला त्याच दिवसाची. अपडेटची ओळ पाहून माझं डोकंच फिरलं. सत्तरीच्या माणसाच्या मशीनचे सुरक्षा अपडेट बंद करून हा निघून गेला होता.

रजिस्ट्रीचा आधी एक्स्पोर्ट करून बॅकअप घेतला. मग रजिस्ट्रीच्या ‘करंट युझर’ या भागातल्या पॉलिसीज फोल्डरखाली, ‘सिस्टिम’ आणि ‘एक्सप्लोरर’मध्ये असलेल्या त्या दोन नोंदी काढल्या. अपडेटची नोंद ‘लोकल मशीन’ या भागात, विंडोजअपडेटखालच्या ‘एयू’त होती. रीस्टार्ट केल्यावर सगळं सुरळीत झालं. खर्च शून्य. मात्र रजिस्ट्रीत अंदाजाने काहीही काढू नका, माहितगार माणूस शेजारी बसवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर असा मेसेज आला तर तो बहुधा कंपनीच्या आयटीनेच लावलेला असतो, त्याला हात लावू नका.

दुकानदार म्हणतो, "लायसन्स मागवलंय, पैसे परत मिळणार नाहीत." लायसन्स काही आलेलं नाही. विंडोज की आणि आर दाबून ‘विनव्हर’ टाइप केलं की आवृत्ती दिसते; मामांकडे अजून होमच दिसतंय. आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे. ती फाइल डिलीट न करता यूपीआयच्या व्यवहार क्रमांकासोबत पुरावा म्हणून ठेवली आहे.